वाऱ्याचे गळणे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चौक येथे झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी ज्या वक्त्यांची व्याख्याने झाली, त्यांनी कर्मसिद्धांत, अनेकांत आणि स्वाध्याय यांसारखे गहन विषय आपणांसमोर मांडले. त्या पंक्तीत माझ्यासारख्या कापड विकणाऱ्या माणसाने बसावे, हे मलाच अवघड वाटत होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. तेव्हा ज्या वस्तूत आयुष्यभर हात घातला, तिच्याविषयीच बोलावे असे ठरवले. ती वस्तू म्हणजे धागा, आणि दोन धाग्यांमधली मोकळी जागा. विषय आहे, खिडकीतून घरात येणारे किडे आणि त्यांना न मारता बाहेर कसे ठेवावे.

विषय ऐकून मागच्या रांगेतील काही तरुण मित्रांना हसू आले, ते मी पाहिले. हसण्यास हरकत नाही. परंतु दुकानात बसून मी गावातील घरांचा थोडाफार कानोसा घेत असतो. मच्छर मारायची विजेची बॅट आज कोणत्या घरात नाही? आपल्या घरांतही ती आहे. फरक इतकाच, की पर्युषणाच्या आठ दिवसांत ती कपाटात जाते आणि संवत्सरी झाली की पुन्हा चार्जिंगला लागते. ती हातात घेणारा आपलाच मुलगा पाठशाळेत जीवविचार शिकून आलेला असतो. मुंगी आणि वाळवी या तीन इंद्रियांच्या, तर माशी, मच्छर आणि पतंग हे चार इंद्रियांचे जीव, हे त्याला तोंडपाठ असते. बॅटचा चट् असा आवाज आला की तो हसतो, आणि आपण त्याला काही बोलत नाही. का बोलत नाही? कारण घरात लहान नातवंड झोपलेले असते आणि डेंग्यूची भीती खोटी नसते. एका बाजूला जीवदया आणि दुसऱ्या बाजूला लेकरू, अशा पेचात आपण मान फिरवतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा पेच बराचसा आपण खिडकी उघडी टाकून निर्माण केलेला आहे.

आपले चौक गाव इर्शाळगडाच्या पायथ्याशी, चहूबाजूंनी भातशेती, वर माथेरानचा डोंगर आणि पावसाळ्यात धो धो पाऊस. अशा ठिकाणी किडा हा परका नाही. त्याचे वेळापत्रक पंचांगासारखे ठरलेले आहे. पहिला जोराचा पाऊस पडून गेला की संध्याकाळी वाळवीची पंख फुटलेली पाखरे जमिनीतून निघतात. मग आषाढ-श्रावणात मच्छर. भाताला लोंबी येऊन ते पिकू लागले की हिरवे आणि तपकिरी तुडतुडे, तांदळाच्या कणीएवढे, दिव्याभोवती असे जमतात की दिवाळीत वीजदिव्याखाली बसून रांगोळी काढता येत नाही.

आता हे दिव्याकडे का येतात? आपल्या प्रवचनांतून आपण नेहमी ऐकतो, की हत्ती स्पर्शाने, मासा रसाने, भुंगा गंधाने, हरीण शब्दाने आणि पतंग रूपाच्या मोहाने नाश पावतो. बोध घेण्यासाठी तो दृष्टांत उत्तम आहे आणि उत्तमच राहील. पण पतंगाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. संशोधकांनी अतिशय वेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवती फिरणाऱ्या किड्यांचे चित्रण केले. त्यांना असे दिसले, की किडा दिव्याकडे झेपावत नाही. तो दिव्याकडे पाठ करतो. कोट्यवधी वर्षे रात्रीची उजळ बाजू म्हणजे आकाश, म्हणजेच वरची बाजू, एवढेच त्याला ठाऊक. उडताना पाठ उजेडाकडे ठेवली की तो सरळ राहतो. आपण भिंतीवर दिवा लावला की त्याचे आकाश भिंतीवर येते. तो त्या खोट्या आकाशाकडे पाठ वळवीत राहतो आणि गोल गोल फिरत अडकून पडतो. त्याला मोह नाही, बंधूंनो, त्याला फसवणूक झालेली आहे, आणि ती आपल्या बटणाने झालेली आहे.

आपल्याच तालुक्यातील खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. ज्या गिरण्यांचे ताके पुढे आमच्यासारख्यांच्या दुकानांत आले, त्या आपल्या डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्यावर चालल्या. खेड्यांतील घरोघरी मात्र कितीतरी वर्षे कंदीलच होता. कंदिलाच्या घरात किडे येत नव्हते असे नाही. परंतु कंदील मिणमिणता, त्याचा उजेड पिवळा आणि जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपलेली. रात्री लख्ख प्रकाशात करण्यासारखे काम नसे. चौविहाराचा नियम ज्यांनी घालून दिला, त्यांना ताटात पडणारा जीव दिसत होता. आज ताट लवकर आटोपले, तरी पांढरा दिवा मध्यरात्रीपर्यंत उघड्या खिडकीत जळत असतो.

म्हणून पहिला उपाय पैशाचा नाही. वाळवीची पाखरे निघाली की घरातले आणि व्हरांड्यातले दिवे बंद करावेत. त्यांचे उड्डाण थोडा वेळच चालते. बहुधा तासाभरात ती पंख टाकून जमिनीवर उतरतात. कित्येक घरांत दिव्याखाली पाण्याची परात ठेवण्याची पद्धत आहे. सकाळी त्या परातीत जे दिसते, ते आपण नीट पाहत नाही, एवढेच म्हणतो. बाहेरचा दिवा ठेवणे आवश्यकच असेल, तर पिवळसर उजेडाचा लावावा आणि खिडकीपासून दूर लावावा. निळसर-पांढऱ्या उजेडापेक्षा पिवळ्याकडे किडे कमी येतात.

पावसाळ्यात दिव्याला येणारा आणखी एक बारीक, लांबट, तांबडा-काळा किडा आहे. पेडेरस जातीचा. तो चावत नाही, डंख मारत नाही. अंगावर बसला आणि आपण तो चिरडला, तर मात्र त्याच्या अंगातील द्रवाने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. हलकेच फुंकर घालून उडवला तर काहीही होत नाही. याच्यावर मी भाष्य करीत नाही. आपण सर्व सूज्ञ आहात.

परंतु दिवा बंद करून मच्छर थांबत नाही. मच्छराचा मुख्य मार्गदर्शक दिवा नाही. आपल्या श्वासातून बाहेर पडणारा वायू, अंगाचा वास आणि ऊब यांच्या मागाने तो येतो. अंधाऱ्या खोलीतही बरोबर कानाशी येतो, हा अनुभव सर्वांचा आहे. संध्याकाळी खिडकी घट्ट लावून घ्यावी असे वडीलधारी सांगत, ते मलेरियाच्या मच्छराला लागू पडते, कारण तो रात्रीचा आहे. डेंग्यूचा मच्छर मात्र दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत. मग दिवसभर खिडकी लावायची काय? कोकणच्या दमट हवेत ते शक्य नाही. म्हणजे वारा यावा आणि जीव येऊ नये, अशी वस्तू हवी. ती वस्तू म्हणजे जाळी.

या जाळीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. मच्छर आणि मलेरिया यांचा संबंध २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना मच्छराच्या पोटात सापडला. तरीही लोकांचा विश्वास बसेना. दलदलीतील दूषित हवेनेच ताप येतो, असे म्हणणारे पुष्कळ होते. तेव्हा १९०० साली डॉ. सॅम्बन आणि डॉ. लो हे इंग्लंडहून इटलीत गेले. रोमजवळच्या ओस्तिया गावाशेजारी, मलेरियाने कुप्रसिद्ध असलेल्या दलदलीत, त्यांनी एक लाकडी झोपडी उभारली. तिच्या दारा-खिडक्यांना तारेची बारीक जाळी लावली. ऐन तापाच्या हंगामात ते तिथे राहिले. दिवसा बाहेर हिंडत, पावसात भिजत, दूषित म्हटलेली हवा रात्रभर जाळीतून घेत. मात्र सूर्यास्तापूर्वी आत येत आणि सूर्योदयानंतरच बाहेर पडत. कोयनेल घेतले नाही, मच्छर मारले नाहीत. त्यांना मलेरिया झाला नाही. सूर्यास्ताची मर्यादा पाळणारे ते दोन डॉक्टर वाचताना मला आपल्याच चौविहार करणाऱ्या मंडळींची आठवण झाली.

आता माझ्या धंद्याकडे येतो. कापडाचा दर्जा आम्ही इंचात धागे मोजून ठरवतो. त्यासाठी छोटी भिंगाची काच असते. जाळीचेही तसेच आहे. अंथरुणावरच्या मच्छरदाणीत चौरस इंचाला १५६ छिद्रे हे जगभर रूढ झालेले माप आहे. खिडकीच्या चांगल्या जाळीत इंचाला १८ उभ्या आणि १६ आडव्या तारा असतात, म्हणजे चौरस इंचात २८८ घरे, आणि प्रत्येक घर सव्वा मिलिमीटरच्या आसपास. यातून मच्छर जात नाही. बाजारात ‘मच्छर जाळी’ म्हणून याहून विरळ मालही मिळतो. तो घेताना एक इंच मोजून पाहावे. मोजायला दोन मिनिटे लागतात आणि दुकानदाराला राग आला तर दुकान बदलावे. वाळूमाशी आणि बारीक तुडतुडे हे अंगाने इतके सडपातळ असतात, की या जाळीतूनही काही येतातच. त्यांच्यासाठी आणखी दाट जाळी मिळते, पण तिने वारा अडतो. माझ्या मते आपल्याकडे १८-१६ ची जाळी वर्षभर ठेवावी आणि तुडतुड्यांच्या पंधरा-वीस दिवसांत संध्याकाळी खिडकीजवळचा दिवा लावू नये. सगळेच काम जाळीवर टाकू नये.

मालाबद्दल थोडेसे. साधी लोखंडी जाळी आपल्या पावसात दोन-चार वर्षांत गंजते. नायलॉनची स्वस्त, पण उन्हाने पिचते आणि उंदीर कुरतडतो. फायबरग्लासची टिकाऊ आणि हाताला मऊ. स्वयंपाकघराच्या आणि तळमजल्याच्या खिडकीला स्टेनलेस स्टीलची उत्तम. चिकटपट्टीने लावायची जाळी भाड्याच्या घराला ठीक आहे. मात्र भिंतीला ओल आली की पट्टी सुटते, म्हणून ती उन्हाळ्यातच, चौकट पुसून कोरडी करून लावावी. सरकत्या खिडक्यांत एक गोम असते. काच आणि जाळीचे पल्ले वेगवेगळ्या रुळांवर असतात. काच अर्धवट सरकवली, की दोन पल्ल्यांमध्ये बोटभर फट राहते आणि सगळे मच्छर तिथून येतात. काच एक तर पूर्ण उघडावी किंवा पूर्ण लावावी. दाराखालची फट, न्हाणीघरातील काचपट्ट्यांचा झरोका, पंख्याचे भोक, एसीची नळी जिथून जाते ते छिद्र, ही सर्व खिडकीचीच भावंडे आहेत. मोठ्या खिडकीला हजारो रुपयांची जाळी लावून झरोका मोकळा ठेवणारी घरे मी पाहिली आहेत.

आता मुख्य मुद्दा. आपल्या घरात पाणी पिण्यापूर्वी गाळतात. गळण्याचे कापड दुहेरी असावे, विरलेले नसावे, हे माझ्या दुकानात येणाऱ्या आजीबाई मलाच शिकवीत. पण गळणे केवळ आपल्या पोटात जीव जाऊ नये म्हणून नाही. गळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या पाण्यातून आली, त्या पाण्यात हळुवारपणे परत पोहोचवायची असते. ती फेकून दिली, तर पाणी शुद्ध झाले, धर्म झाला नाही. खिडकीची जाळी हे वाऱ्याचे गळणे आहे, असे मला वाटते. आणि तिचीही जिवाणी असते. काच आणि जाळी यांच्यामध्ये अडकलेले पतंग, भुंगेरे, मधमाश्या तिथेच तडफडून वाळतात. आठवड्यातून एकदा आपण ते कोरडे शरीर झाडून टाकतो. जाळी लावली म्हणजे हिंसा टळली, असे समजणाऱ्यांनी एकदा आपल्या खिडकीच्या खालच्या पन्हळीत पाहावे.

त्यासाठी रोज सकाळी, काच सरकवण्यापूर्वी, जाळीचा पल्ला क्षणभर उघडावा. अडकलेला जीव उजेडाच्या दिशेने आपोआप बाहेर जातो. न गेल्यास पूंजणीने हलके सरकवावे. खोलीत आलेल्या किड्यावर काचेचा पेला पालथा घालावा, खालून जाड कागद सरकवावा आणि बाहेर सोडावा. हे काम घरातील लहान मुलांना द्यावे. बॅट फिरवण्यात जी गंमत त्यांना वाटते, तिच्याहून अधिक गंमत त्यांना यात वाटते, हा माझ्या नातवंडांचा अनुभव आहे. रात्री जाळीलगतचा दिवा जळत ठेवू नये, म्हणजे बाहेरून येऊन जाळीला थडकणाऱ्यांची गर्दी मुळातच कमी होते.

एक जिज्ञासू बंधू मला म्हणाले, ‘जाळी लावून आपण मच्छराच्या आहारात अंतराय आणत नाही का?’ प्रश्न गंभीरपणे विचारलेला होता. सूक्ष्म विचार महाराजसाहेबांना विचारावा. गृहस्थ म्हणून माझे उत्तर असे, की रक्त फक्त मादी पिते, तेही अंड्यांसाठी. एरवी नर आणि मादी दोघेही फुला-पानांचा रस घेतात. जाळीने तिचा जीव जात नाही. बॅटने जातो, आणि कॉइलने तिच्याबरोबर आपलीही छाती भरते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल जळून जितके सूक्ष्म धूलिकण हवेत जातात, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे आढळले होते. लहान मुलाच्या उशाशी खिडक्या बंद करून ती लावणे, हे कोणत्या हिशेबात बसते ते मला अद्याप उलगडलेले नाही.

शेवटची एक गोष्ट राहिली, ती टाकीची आणि व्हेंट पाइपची. डेंग्यूचा मच्छर घरातील स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून मच्छर होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य खाते सांगते, ते योग्यच आहे. आपल्यासाठी त्याच्या एक पाऊल आधीचे काम आहे. पाण्यात अळ्या झाल्यावर ते ओतून देणे आले की आपला जीव खालीवर होतो. त्यापेक्षा टाकीचे, पिंपाचे तोंड पहिल्या दिवसापासून कापडाने बांधून ठेवले, तर अंडीच पडत नाहीत आणि मारण्याचा प्रसंगही येत नाही. शौचालयाच्या टाकीच्या व्हेंट पाइपलाही जाळीचे कापड बांधावे, ही सूचना आरोग्य कर्मचारी दर पावसाळ्यात देतात आणि आपण दर पावसाळ्यात विसरतो. त्यासाठी वीतभर कापड आणि एक सुतळी लागते. माझ्या दुकानात नेटचे तुकडे उरतात. ज्यांना हवे असतील त्यांनी घेऊन जावेत, पैसे नाहीत. गावाभोवतीच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर शाळेच्या, अंगणवाडीच्या खिडक्यांना जाळी नसेल, तर जीवदया खात्यातून तो खर्च करावा, अशी विनंती मी विश्वस्तांना लेखी दिली आहे. जनावरांच्या चाऱ्यासाठी असलेला निधी इकडे वळवावा काय, असा आक्षेप काहींनी घेतला आहे. माझ्या मते त्या जाळीने मुले वाचतील आणि मारले जाणारे जीवही वाचतील, तेव्हा हे खाते चुकीचे नाही. निर्णय मंडळाचा.

आपल्या उपाश्रयाच्या खिडक्यांची मापे मी घेतली आहेत. तिथे दिवा लावला जात नाही, तेव्हा पतंगांचा प्रश्न कमी. पण पडवीतील टाकीमुळे मच्छर आहेत आणि चातुर्मासात महाराजसाहेबांना रात्रभर त्यांच्यात बसावे लागते. वरच्या झरोक्यांना स्टेनलेस स्टीलची आणि खालच्या खिडक्यांना उघडता येणाऱ्या चौकटीत फायबरग्लासची, अशी जाळी अक्षय्य तृतीयेनंतर बसवून घ्यावी, म्हणजे पहिल्या पावसाआधी काम होईल. चौकटी उघडत्याच हव्यात. सुतार खिळे मारून पक्क्या करू म्हणेल, त्याला तसे करू देऊ नये. सकाळी त्या उघडण्याचे काम कोणी घ्यायचे, ते आजच ठरले तर बरे. पाठशाळेतील दोन मुलांनी माझ्याकडे नावे दिली आहेत. आणखी चार मिळाली तर वार वाटून देता येतील.